औंधच्या राजाचे दहा अंक

१/ सूर्यनमस्कार 'हजारो वर्षांपूर्वीचे' आहेत, हे वाक्य दर रथसप्तमीला आपल्या मोबाइलवर येऊन पडते. सूर्याला नमन करण्याची रीत प्राचीन आहे, यात शंका नाही. परंतु श्वासाशी बांधलेली, अंक मोजून शिकवता येणारी आणि बालपणापासून वार्धक्यापर्यंत रोज पाळावयाची व्यायामपद्धती म्हणून त्यांना जे रूप लाभले, त्यात मोठा वाटा सातारा भागातील एका छोट्या संस्थानाचा आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/ पंधराव्या शतकातील 'हठयोगप्रदीपिके'त सूर्यनमस्कार नाहीत. उलट तिच्यावरील एकोणिसाव्या शतकातल्या 'ज्योत्स्ना' टीकेत पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे हा कायाक्लेश मानून साधकाला त्यापासून सावध केले आहे. म्हणजे नमस्कार घालणारे लोक होतेच. योगाभ्यासी मंडळी मात्र त्यांच्याकडे जरा साशंकतेने पाहत असावीत.

३/ औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८चा. तारुण्यात ते युजेन सँडोचे चाहते होते. हा सँडो त्या काळचा जगप्रसिद्ध बलोपासक. त्याची पुस्तके आणि डंबेल्स मागवून बाळासाहेबांनी काही वर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे ते नमस्कारांकडे वळले, ते कायमचे.

४/ हे वळण मला महत्त्वाचे वाटते. डंबेल्सना पैसा लागतो, कुस्तीला जोडीदार लागतो. नमस्काराला माणसाच्या उंचीएवढी जागा पुरते. गुडघे ताठ ठेवून पुढे वाकणे, पाय मागे नेणे, साष्टांग, मग छाती उचलणे: पाठीचा कणा आळीपाळीने पुढे व मागे वळतो. बाळासाहेबांनी हा क्रम दहा अंकांत बसवला. (आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवतात.) आठ वर्षांच्या मुलाला आणि साठीच्या गृहस्थाला क्रम तोच; फरक फक्त संख्येचा. स्त्रियांनीही नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

५/ १९०९ साली ते गादीवर आले आणि पुढे व्यक्तिगत नेमाचे राजाज्ञेत रूपांतर झाले. संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे झाले.

६/ इथे थोडे थांबले पाहिजे. दिवसभर नांगरामागे चालणाऱ्या कुणब्याच्या मुलाला आणखी वाकायला लावण्याचे प्रयोजन काय? माझ्या मते या पद्धतीची खरी गरज नव्याने बसू लागलेल्या वर्गाला होती: कारकून, वकील, विद्यार्थी. (अभिलेखागारात मोडी कागदांवर तासन्‌तास वाकून पंचविशीतच पाठ धरलेल्या माणसाचे हे मत आहे, हे लक्षात घ्यावे.) तरीही शाळेत लागलेली सवय मोठेपणी उपयोगी पडते, हा राजांचा हिशेब चुकीचा म्हणवत नाही.

७/ १९३८ साली लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. शीर्षकातच दहा अंकांचा उल्लेख होता. संपादन लुईस मॉर्गन या महिला पत्रकाराचे. राजे तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते आणि पुस्तकाची सर्वांत प्रभावी जाहिरात म्हणजे त्यांचा स्वतःचा ताठ देह.

८/ विलक्षण योग असा, की मुलांच्या देहावर सक्ती करणाऱ्या याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने घटना देऊन राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. या दोन गोष्टींत विसंगती आहे, असे अनेकांना वाटेल. मला ती तितकीशी वाटत नाही: स्वतःवर राज्य करता आले पाहिजे, ही कल्पना दोन्हींच्या मुळाशी दिसते. सक्तीचे समर्थन मात्र त्याने होत नाही.

९/ सँडो १९२५ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी गेला. बाळासाहेब १९५१ साली ब्याऐंशीव्या वर्षी. दोन आयुष्यांवरून व्यायामपद्धतींचा निकाल लावणे हे इतिहासाचे काम नव्हे. तरी ही तुलना फॉरवर्ड होईलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१०/ बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. वडिलांकडून आलेल्या या नमस्कारांवर त्यांनीही १९७० साली इंग्रजीत पुस्तक लिहिले.