तिसरा गुन्हा : लक्षात ठेवणे

एखादी ओळ, एखादी चाल डोक्यात शिरते आणि दिवसभर निघत नाही. भांडी घासताना, लोकलच्या गर्दीत उभे असताना, नाक्यावर कामाची वाट पाहताना ओठ आपोआप हलत राहतात. बहुतेक लोक याला गंमत समजतात. आम्हाला ते जमत नाही. कारण शब्द डोक्यात राहणे हा या देशात शिक्षेस पात्र गुन्हा होता, आणि कोणासाठी होता हे वेगळे सांगायला नको.

गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायातली शिक्षा आपल्यापैकी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. शूद्राने वेद ऐकला तर कानात तापलेला रस ओतायचा, उच्चारला तर जीभ कापायची. (भाषणांतून आपण 'शिसे' म्हणतो. सूत्रातले शब्द कथील आणि लाख या अर्थाचे आहेत. विरोधकाला बोट ठेवायला जागा मिळू नये म्हणून एवढे नोंदवतो.) पण या दोन शिक्षांवर आपण थांबतो आणि तिसरी विसरतो. तिसरी शिक्षा लक्षात ठेवण्याची आहे. शूद्राने वेद ध्यानात धरला तर त्याच्या देहाचे तुकडे करायचे. शिक्षा कशी चढत जाते पाहा. ऐकण्याला कान, बोलण्याला जीभ आणि लक्षात ठेवण्याला अख्खा देह. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात शूद्रांवरील कायद्यांची जी जंत्री मांडली, तीत हे सूत्र आहे.

या शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा दिल्या गेल्या, असा प्रश्न आपल्याला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांनी जरूर विचारावा. आमचा प्रश्न वेगळा आहे. कायदा करणाऱ्याला सर्वात जास्त भीती कशाची वाटत होती? त्याची सगळी इस्टेट पाठांतरात होती. वेद शेकडो वर्षे लिहिलेला नव्हता, तोंडातून कानात आणि कानातून तोंडात जात होता. स्मरणशक्ती ही केवढी मोठी मालमत्ता आहे हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. म्हणून तिजोरीला कुलूप लावावे तसे त्याने आपल्या डोक्यांना कुलूप लावले.

बुद्धाने नेमके हेच कुलूप उघडले. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातले दोन भिक्खू बुद्धाकडे येतात आणि म्हणतात, निरनिराळ्या कुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवत आहेत, आम्ही ते छंदसात बसवतो. बुद्धाने त्यांना फटकारले आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची मुभा दिली. त्यानंतर संघाने हे वचन काही शतके मुखानेच जपले. पाठ करणाऱ्यांना भाणक म्हणत. दीघनिकाय म्हणणारे वेगळे, मज्झिमनिकाय म्हणणारे वेगळे. सुत्त वाचताना तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा येते म्हणून आपले तरुण कंटाळतात. पण ती पुनरुक्ती वाचणाऱ्यासाठी नव्हतीच, ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात वाक्य बसावे म्हणून होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते सारे लिहून काढले गेले, तोवर धम्माचे ग्रंथालय माणसांच्या डोक्यात होते. सम्राट अशोकानेही हे ओळखले होते. धौली आणि जौगढ इथल्या कलिंगाच्या स्वतंत्र लेखांत त्याची आज्ञा आहे की हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, आणि मधल्या काळात ऐकणारा एकच माणूस असला तरी त्याला ऐकवावा. दगडावर कोरून राजाचे समाधान झाले नव्हते. लेख कानात जायला हवा होता.

महाराष्ट्रात हे काम नव्याने सुरू केले जोतिरावांनी. शिवरायांवर त्यांनी लिहिले ते १८६९ साली, आणि लिहिला तो पोवाडा. पुढे आपला विचार सांगायला त्यांनी अखंड रचले. अभंगाची चाल घराघरात होती, ती कोणाला शिकवावी लागत नव्हती. त्या ओळखीच्या चालीवर निर्मिक आला, सत्य आले, स्त्री-पुरुष समता आली. भांडे लोकांचे, आतले धान्य नवे. सत्यशोधक जलशांनी हीच रीत तमाशाला लावली आणि आंबेडकरी जलशांनी ती पुढे नेली.

बाबासाहेबांची वर्तमानपत्रे हातात घ्या. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांच्या ओळी होत्या. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. अनेकांना हे कोड्यात टाकते. धर्मचिकित्सा करणाऱ्याने संतांच्या ओळी कशाला घ्याव्यात? आम्हाला यात कोडे दिसत नाही. ज्या वस्तीत हे पत्र जाणार होते तिथे वाचता येणारा एखादाच होता. तो मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार. ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असलेल्या शब्दाला हात घातला की तो कान टवकारतो. मग त्या ओळींखाली पाणवठ्याचा हक्क येतो, शिक्षण येते, प्रतिनिधित्व येते.

ही जाण त्यांना कुठून आली असावी, याचे उत्तर त्यांनीच लिहून ठेवले आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी ६ एप्रिल १९५६ या तारखेने लिहिलेली त्यांची एक प्रस्तावना आहे, जी पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. तीत ते बालपण सांगतात. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात धर्माचे वाचन सक्तीचे. बहिणींना आणि कथा ऐकायला जमलेल्या माणसांना रामायण-महाभारत वाचून दाखवण्याचे काम भीमराव आणि त्यांच्या भावाकडे होते. आता ज्या मुलाने वर्षानुवर्षे हे मोठ्याने वाचले, त्याच्या डोक्यात ते रुतणारच. पण रुतले काय? भक्ती नाही, प्रश्न. राम असा का वागला, कृष्ण असा का वागला, हे प्रश्न मुलाने वडिलांना विचारले. त्यातले कितीतरी प्रश्न पुढे 'रिडल्स'च्या पानांवर उतरले. ब्राह्मणी व्यवस्थेने आपल्याच कथा या मुलाच्या डोक्यात शिरू दिल्या आणि काही दशकांनी त्या खटल्याचे कागद होऊन परत आल्या. त्याच प्रस्तावनेत केळुस्कर गुरुजींनी भेट दिलेल्या बुद्धचरित्राचाही उल्लेख आहे. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या मुलाने ते वाचले आणि जवळजवळ पन्नास वर्षे ते पुस्तक त्याच्या आतून गेले नाही.

पण पुस्तक वाचणारे थोडे होते. न वाचणाऱ्या लाखोंपर्यंत चळवळ पोहोचली ती जलशातून. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. त्या काळात नाशिक जिल्ह्यातून पुढे आलेले नाव म्हणजे शाहीर भीमराव कर्डक. त्यांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिले. जलशाची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. तमाशाचा साचा गावाला तोंडपाठ होता, म्हणून साचा ठेवला. शाहीर कडवे म्हणतो, मागचे झीलकरी धृपद उचलतात. पुन्हा कडवे, पुन्हा धृपद. तिसऱ्या कडव्यापर्यंत समोर बसलेली माणसे धृपद उचलतात, आणि सकाळी तेच धृपद जात्यावर आणि विहिरीवर ऐकू येते. एका रात्रीत, एकही कागद न छापता. मेलेले ढोर ओढू नका, मुलाला शाळेत घाला, हे भाषणात सांगितले की माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. ढोलकीवर सांगितले की ते त्याच्या मागे घरी येते.

आता वामनदादांकडे येऊ. सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव, जन्म १९२२ चा. मुंबईत शिवडीच्या चाळीत राहत असताना कोणीतरी पत्र वाचून द्या म्हणाले, आणि दादांना वाचता येत नव्हते. ती लाज त्यांना सहन झाली नाही. मुळाक्षरे एका मास्तरांकडून शिकले आणि जोडाक्षरे दुकानांच्या पाट्यांवरून. अण्णाभाऊ साठ्यांबद्दलही हेच सांगितले जाते, मुंबईच्या पाट्यांनी आणि सिनेमाच्या पोस्टरांनी त्यांना वाचायला शिकवले. मराठीतले एवढे मोठे दोन शब्दप्रभू रस्त्यावरच्या पाट्यांवर घडले, यावर मराठीच्या प्राध्यापकांनी जरा विचार करावा.

वामनदादांनी १९४३ साली पहिले गाणे रचले ते हिंदी सिनेमाच्या गाण्याचे विडंबन होते. इथेच आमच्यातले काही सुशिक्षित नाक मुरडतात. 'भीमगीते म्हणजे सिनेमाच्या चालींची नक्कल' हे वाक्य आम्ही विद्यापीठातही ऐकले आहे आणि आपल्याच बैठकीतही. हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. चाल लोकांपर्यंत आधीच पोहोचलेली असते, हॉटेलातल्या रेडिओने, लग्नातल्या लाउडस्पीकरने, आणि फुकट. पैसा नसलेल्या, मंच नसलेल्या, रेकॉर्ड कंपनी दारात उभी न करणाऱ्या कवीने ती फुकटची वाट का वापरू नये? जोतिरावांनी अभंगाची चाल घेतली तर ती प्रतिभा, आणि वामनदादांनी सिनेमाची घेतली तर ती नक्कल, हा कोणता न्याय? तिथे प्रेयसीसाठी रचलेल्या चालीवर इथे संविधान, दीक्षाभूमी, रमाई आणि रेशनची रांग येऊन बसली. आज मूळ सिनेमा कोणाला आठवत नाही, वामनदादांचे शब्द आठवतात.

आणि गाणे हे वाचनाच्या आड आले असेही नाही. गाण्यात महाड आले की पोरगे विचारते, महाडला काय झाले होते? गाण्यात येवला आले की विचारते, येवल्याला बाबासाहेब काय म्हणाले? मग कोणीतरी पुस्तक हातात देतो. आमच्यातले कितीतरी जण या क्रमाने वाचते झाले, आधी कान, मग डोळा.

स्त्रियांनी तर शाहिराचीही वाट पाहिली नाही. गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. अक्षर न शिकलेल्या या बायांनी चळवळीचा इतिहास दळणाच्या लयीत बसवला आणि मुलींच्या कानात टाकला. मराठी कवितेच्या इतिहासात त्यांच्यासाठी किती पाने आहेत, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

मात्र डोक्यात रुतते ते सगळे आपल्या हिताचे असते असे नाही. 'गाव तेथे महारवाडा' ही म्हणही डोक्यातच रुतलेली आहे. बरे तिथे वाईट असायचेच, असे म्हणताना मराठी माणूस ती सहज वापरतो, आणि आपण काय बोललो याची त्याला दखलही नसते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. कागदावरून नावे जातील. तोंडातून म्हण घालवायला तिच्याइतकेच चिकट दुसरे काही लागते.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी नुसते भाषण केले नाही. बावीस प्रतिज्ञा लाखो लोकांकडून वदवून घेतल्या, आणि त्या मराठीत. आधी ते म्हणाले, मग जनसमुदाय म्हणाला. ऐकणे, उच्चारणे, ध्यानात धरणे. गौतमाच्या सूत्रातले तिन्ही गुन्हे त्या दिवशी लाखो माणसांनी एका मैदानात, एका आवाजात केले.

गाण्याची किंमत चुकवलेली माणसेही आपल्यात आहेत. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आज त्यांची गाणी जी काही टिकली आहेत ती थोडी आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटांत आणि थोडी सोबत्यांच्या तोंडी.

१४ एप्रिलच्या डीजेबद्दल आम्हाला दरवर्षी विचारतात. आवाजाबद्दल आमची तक्रार दुय्यम आहे, ताल तर हवाच. पण चार मिनिटांच्या गाण्यात बाबासाहेबांच्या नावापलीकडे एकही शब्द नसेल, तर त्या पोराच्या डोक्यात वर्षभर काय घोळणार? कर्डकांचे झीलकरी धृपद उचलत तेव्हा त्या धृपदात एक काम सांगितलेले असे. आज चाल तीच आहे, ठेका जबरदस्त आहे, आणि काम गायब आहे.

वामनदादा १५ मे २००४ ला गेले. त्यांनी हजारो गाणी रचली, संग्रहांत छापली गेली ती त्यातली थोडी. उरलेली आहेत सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या माणसांच्या डोक्यात, जी त्या काळी जलशाला पहाटेपर्यंत बसत. जयंतीच्या वर्गणीला याच घरांत आपण जातो. मोबाईल खिशात असतोच. आजीला नुसते गा म्हटले तर ती लाजते. चाल गुणगुणून दाखवली की शब्द तिचे तिलाच सुचतात. रेकॉर्ड केल्यावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : गाणे कोणाकडून ऐकले, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली आणि मूळ चाल कोणती. चाल लिहायला विसरू नये. पुढचे कडवे अडले तर तीच ते वर काढते.