शेतांतला ससा आणि कॅमेरा

१८९२ या एकाच वर्षीं इंग्लंडांत दोन गोष्टी घडल्या. मार्च ते जुलै या महिन्यांत सशाची विक्री करूं नये असा कायदा पार्लमेंटनें केला. आणि यॉर्कशायरमधील थ्वेट या खेड्यांत जन्मलेल्या रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं एका घरट्याचें व त्यांतील अंड्यांचें आपलें पहिलें छायाचित्र घेतलें. या दोहोंत कार्यकारणभाव नाहीं. तथापि पहांटे शेताच्या बांधावर सशाची वाट पाहणाऱ्या मनुष्याच्या हातीं बंदूक जाऊन कॅमेरा कसा आला, हें ज्यांस समजून घ्यावयाचें आहे त्यांनीं दोन्ही ध्यानांत ठेवावीं.

मराठींत आपण ज्यास सरसकट ससा म्हणतों, त्यांत दोन निराळे प्राणी मोडतात. बिळांत राहणारा, ज्याचीं पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात, तो येथें अभिप्रेत नाहीं. आमचा विषय आहे तो मोकळ्या शेतांत जमीन किंचित् उकरून तींत अंग चोरून बसणारा. त्याचीं पिलें डोळे उघडूनच जगांत येतात. दख्खनच्या माळावरील ससा याच कुळांतला.

१८८० पूर्वीं इंग्रज कुळाची स्थिति चमत्कारिक होती. सशानें कोवळें पीक खावें आणि कुळानें तें पाहत राहावें. कारण शिकारीचा हक्क जमीनदारानें बहुधा स्वतःकडे राखलेला असे. त्या वर्षीं ग्लॅडस्टनच्या सरकारनें कुळास आपल्या शेतांतील ससे मारण्याचा, कोणत्याही करारानें हिरावून घेतां न येणारा, हक्क दिला. कुळांनीं तो इतक्या मनापासून बजावला कीं बारा वर्षांत वरील कायदा करणें भाग पडलें. यांत कुळांस दोष देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. दुसऱ्याच्या करमणुकीसाठीं ज्यानें पिढ्यान्‌पिढ्या आपलें पीक चारलें, त्यानें सशाचें सौंदर्य कोणत्या डोळ्यांनीं पाहावें?

कॅमेऱ्याची अडचण वेगळी. १८५१ ची ओली कोलोडियन काच जागेवरच तयार करून वाळण्यापूर्वीं धुवावी लागे. म्हणजे शेतांत काळोखाचा तंबू न्यावयाचा! १८७१ मध्यें डॉक्टर मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृति प्रसिद्ध केली आणि पुढें हा तंबू सुटला. पहांट मात्र हातीं लागेना. त्या काचांस निळा प्रकाश दिसे, तांबडा दिसत नसे. उगवत्या सूर्याचा प्रकाश तांबूस आणि सशाचें अंग पिंगट. तेव्हां आपल्या डोळ्यांस सोन्याची भासणारी घटका काचेस अंधारीच. १८७३ मध्यें फोगेल या जर्मन रसायनज्ञानें रंगद्रव्य मिसळून काचेची दृष्टि वाढविण्याचा मार्ग दाखविला, पण तो सर्वांच्या उपयोगीं पडण्यास पुष्कळ काळ लोटला.

कीर्टन बंधूंनीं बैलाचें पोकळ सोंग उभारलें व चेरी कॅमेऱ्यासह त्यांत शिरून पक्षी टिपूं लागला. सशापुढें हें सोंग चालेल काय, याची आम्हांस शंका आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात, त्यामुळें जवळजवळ चहूंकडचें दिसतें. नाकासमोरचें मात्र नीट दिसत नाहीं. म्हणून वाऱ्याचा रोख सांभाळून निश्चल बसणाऱ्याकडे तो कधीं कधीं आपण होऊन येतो. छायाचित्रकार आज ज्याच्यावर विसंबतात तें हें ज्ञान चोरून शिकार करणाऱ्यांस फार पूर्वींपासून होतें.

मार्चमध्यें मागच्या पायांवर उभे राहून ससे एकमेकांस ठोसे मारतात. हें नरांचें द्वंद्व, असा समज दीर्घकाळ होता. १९८४ मध्यें हॉली व ग्रीनवुड यांनीं ‘नेचर’मध्यें निरीक्षणें मांडलीं, त्यांवरून कळलें कीं बहुधा ती मादीच असते, आणि अंगलट येणाऱ्या नरास ती झिडकारीत असते.