शिराळ्याचा मातीचा नाग

श्रावण तोंडावर आला आहे. आता घरोघरी पाटावर गंधाने नागोबा काढायची तयारी सुरू होईल, लाह्या भाजल्या जातील. म्हणून आज गोष्ट सांगायची आहे ती आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची. आणि लेकरांना आपण काय शिकवतो, त्याची.

नागपंचमीची कहाणी तुम्हाला ठाऊक आहेच. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात घुसला, नागिणीची पिल्ले मेली. तिने रागाने त्याचे घरदार डसून टाकले. एक लेक सासरी होती, तिलाही डसायला नागीण निघाली. तिथे जाऊन पाहते तर ती पाटावर नागोबा काढून पूजा करत बसलेली. नागिणीचा राग विरला. लहानपणी ऐकताना आपण नागिणीला घाबरलो. मोठेपणी मला त्यात वेगळेच दिसते. पावसाळ्यात जमिनीखाली कुणाची तरी पिल्ले असतात, फाळ जपून चालव, हे त्या कहाणीत सरळ सांगितले आहे. पंचमीला खणू नका, नांगरू नका, चिरू नका, तव्यावर भाजू नका. दिंडे उकडून खा. वनखाते नव्हते, शाळेत पर्यावरणाचा तास नव्हता, तेव्हाही आपल्या आज्या मुलांना हा धडा देत होत्या. वर्षातून एकच दिवस का असेना, पण देत होत्या.

आता शिराळ्याला येऊ. रामदासस्वामींच्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, पण गावाचे नाव देशभर गेले ते नागांमुळे. गावात सांगतात ते असे. गोरक्षनाथ भिक्षेला महाजनांच्या दारात आले. घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारले, जिवंत नागाची पूजा करशील का? बाई हो म्हणाली. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजला जाऊ लागला. आख्यायिकाच ती, तिला साल-तारीख नाही. पण त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा: बाईच्या पाटावर आधी मातीचाच नाग होता.

मी आत्याबरोबर शिराळ्याची पंचमी पाहिली तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. पंचमीच्या आधी काही दिवस तरुण मंडळी शेताशिवारातून, बांधाबांधातून नाग शोधून आणत. मडक्यात ठेवत, तोंडाला फडके बांधत. पंचमीला अंबाबाईच्या देवळात, मग दारोदारी. बाया ओवाळत. मग गाड्यांवरून वाजतगाजत मिरवणूक, कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच, याची चढाओढ. नंतर नाग पुन्हा रानात सोडून देत. आम्ही दात पाडत नाही, तोंड शिवत नाही, असे शिराळकर अभिमानाने सांगत. माझ्याएवढी पोरे नागाला न घाबरता बघत होती. काठी उचलून ठेचायला धावणाऱ्या गावांपेक्षा हे बरेच, असे मला तेव्हाही वाटले, आजही वाटते.

पण नागाच्या बाजूने कुणी पाहिले? दिवसेंदिवस मडक्यात कोंडलेला, ढोलाच्या दणक्याने हादरणारा. सापाला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून येणारे हादरे त्याला बरोबर कळतात. दूध हे त्याचे अन्नच नाही. त्याचे अन्न उंदीर, बेडूक. तहानलेला साप समोर येईल ते पितो आणि आपण म्हणतो, नागोबाने दूध घेतले. त्यात हा काळ नागिणीच्या अंड्यापिल्लांच्या आगेमागेचा. ज्या कहाणीत पिल्ले मेल्याचे दुःख आहे, तिच्याच सणाला आपण नागिणीला वारुळातून उचलत होतो.

१९७२ साली देशात वन्यजीव संरक्षण कायदा आला. नाग पकडणे, कोंडणे, खेळवणे गुन्हा ठरले. शिराळ्यात त्यानंतरही कित्येक वर्षे पंचमी तशीच चालली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००२ साली कायदा पाळण्याचा आदेश झाला. अंमल कडक व्हायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. गावात नाराजी होती, आजही आहे. आमची श्रद्धा, आमचे कसब, आम्हीच नाग जपला आणि आम्हीच गुन्हेगार, हे त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ज्याने नागाला कधी हात लावला नाही, त्याने त्यांना शहाणपण शिकवावे हे त्यांना टोचते. मला दोन्ही बाजू कळतात, पण मडक्यातला नाग आठवला की मी कायद्याच्या बाजूला जाते.

२०२५ च्या पंचमीला केंद्राच्या वनमंत्रालयाने २१ नाग पकडायला परवानगी दिली. मिरवणुकीसाठी नव्हे, तर शिक्षण आणि पारंपरिक ज्ञान पुढे जावे म्हणून. त्यावरून पुन्हा वाद झाला. शिक्षणासाठी जिवंत नाग लागतो का? माझ्या मते लहान मुलांना लागत नाही. मोठ्यांच्या कसबाला मात्र चांगला उपयोग सापडू शकतो. तमिळनाडूत इरुळा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या साप पकडून कातडी विकत. कायद्याने तो धंदा बंद झाला. १९७८ साली त्यांनी सहकारी संस्था काढली. परवान्याने साप पकडायचा, विष काढायचे, साप रानात सोडायचा. ते विष थोडेथोडे घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचे औषध बनते. आपल्या सरकारी दवाखान्यात बाईला साप चावला की जी बाटली लावतात ना, तिच्यामागे कुठल्या तरी सापाचेच विष असते.

आणि ती बाटली आपल्याला लागते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली, चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांच्या आतली लेकरे. म्हणून पोरांना नुसते 'साप आपला मित्र' म्हणून चालणार नाही. उसात भांगलायला जाणाऱ्या आईच्या मुलाला कुठला साप कसा ओळखायचा हे कळले पाहिजे. नागाच्या फण्यावर दहाचा आकडा. मण्यार काळी, अंगावर पांढरे पट्टे, रात्री फिरणारी, अंथरुणात शिरणारी. घोणसेच्या पाठीवर साखळी, आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. फुरसे वीतभर, पण चिडके. अंग अंगावर घासून करवतीसारखा आवाज करते. हे चार दिसले की मागे सरकायचे, मोठ्यांना हाक मारायची, काठी उचलायची नाही. आणि चावलाच तर कापायचे नाही, चोखायचे नाही, करकचून बांधायचे नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. माणसाला हलू न देता तडक दवाखाना.

शिराळ्यात आता महाजनांच्या घरून अंबाबाईकडे पालखी निघते. घरोघरी पाटावर मातीचा नाग किंवा तसबीर असते. गोरक्षनाथ दारात येण्याआधी त्या बाईच्या पाटावर जे होते, तेच.

आमच्या घरी गेल्या वर्षी नातीला मातीचा नाग करायला बसवले. तिने फणा काढला, खिळ्याने त्यावर दहाचा आकडा कोरला. मग म्हणाली, आज्जी, एकट्याला करमणार नाही, बाकीचे तिघेही करते. घोणशीची साखळी बोटाने उमटवली. फुरशाला आकार येईना, ते गांडुळासारखे झाले, ती स्वतःच हसली. मण्यारीला काजळ फासले आणि पांढऱ्या पट्ट्यांसाठी आजोबांच्या तंबाखूच्या डबीतला चुना शोधत घरभर फिरली.