हायड्रोसायक्लोन फिल्टर : वसई-विरारच्या वाडीत कधी घ्यावा, कसा निवडावा

ठिबकच्या पाण्यातील वाळू काढण्यासाठी हायड्रोसायक्लोन फिल्टर वापरतात. विक्रेते त्याला ‘सँड सेपरेटर’ किंवा नुसते ‘सायक्लोन’ही म्हणतात. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव या किनाऱ्यालगतच्या रेताड पट्ट्यात विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याबरोबर बारीक रेती येते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली की तिचे प्रमाण वाढते आणि केळी, मोगरा, भाजीपाल्याच्या लॅटरलवरील टोकाकडचे ड्रिपर बंद पडू लागतात. अशा ठिकाणी हा फिल्टर उपयोगी आहे. मात्र तो फक्त वाळू काढतो, आणि तीही त्याचा आकार प्रवाहाशी जुळत असेल तरच.

काम कसे चालते?

फिल्टरचा वरचा भाग नळकांड्यासारखा व खालचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता असतो. पाणी वरच्या बाजूने तिरपे आत शिरते आणि भिंतीलगत वेगाने गोल फिरू लागते. वाळूची घनता पाण्याच्या सुमारे 2.65 पट असल्याने कण बाहेर फेकले जातात, भिंतीवरून घसरत खालच्या टाकीत जमा होतात. मधले स्वच्छ पाणी भोवऱ्याच्या पोटातून वर चढून बाहेर पडते. आत जाळी नाही, फिरणारा भाग नाही. (या तत्त्वावरील यंत्राचे पहिले पेटंट 1891 चे आहे, पुढे ते कोळसा व खनिजे धुण्याच्या कारखान्यांत रुळले आणि नंतर सिंचनात आले.)

साधारण 75 मायक्रॉनपेक्षा मोठी वाळू यात चांगली निघते. त्याहून बारीक गाळ, चिकणमाती, शेवाळ, पालापाचोळा यात निघत नाही. शेवाळाची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे कितीही गरगर फिरवले तरी ते पाण्याबरोबरच पुढे जाते. म्हणून बावखलाचे पाणी वापरणाऱ्यांनी हायड्रोसायक्लोनवर खर्च करू नये. तिथे सँड फिल्टर लागतो. नावावरून गोंधळ होतो, पण सँड फिल्टर म्हणजे वाळूच्या थरातून पाणी गाळणारी टाकी, वाळू काढणारे यंत्र नव्हे.

खरेदीपूर्वी बाटलीची चाचणी

पंप सुरू केल्यावर लगेच आणि अर्ध्या तासाने, असे दोनदा एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत पाणी भरावे. बाटली हलवून ठेवावी व घड्याळ पाहावे. सुमारे एका मिनिटात तळाशी जे बसले ते हायड्रोसायक्लोनचे काम. तासाभरानंतरही पाणी गढूळच राहिले तर तो गाळ किंवा माती आहे. तरंगणारे हिरवे तंतू दिसले तर सँड फिल्टर हवा. वाळू फक्त पहिल्या बाटलीत आली आणि दुसरी स्वच्छ निघाली, तर सुरुवातीची काही मिनिटे पाणी बायपासने बाहेर सोडूनही भागू शकते.

आकार : इथेच बहुतेकांचे चुकते

‘पुढे वाडी वाढली तर असू द्या’ म्हणून मोठा फिल्टर घेतला जातो. जाळीच्या फिल्टरमध्ये मोठा आकार चालतो, हायड्रोसायक्लोनमध्ये नाही. प्रवाह कमी पडला की भोवरा मंदावतो आणि वाळू पाण्याबरोबर वर निघून जाते.

उदाहरण घेऊ. अर्धा एकर केळी, अंतर 1.5 × 1.5 मीटर, म्हणजे सुमारे 900 झाडे. प्रत्येकी 4 लिटर प्रति तासाचे दोन ड्रिपर धरले तर एकूण 7,200 लिटर, म्हणजे ताशी 7.2 घनमीटर. याच वाडीचे दोन भाग करून पाळीपाळीने पाणी दिले तर फिल्टरमधून एका वेळी जेमतेम 3.6 घनमीटर जाते. इथे ताशी 20 घनमीटरचा फिल्टर शोभेचा ठरेल. पिंप भरून मोजलेला पंपाचा मोकळा प्रवाह या कामाला धरू नये. ठिबकच्या दाबाखाली पंप त्यापेक्षा कमी पाणी देतो. सर्व व्हॉल्व्हखालचे क्षेत्र शक्यतो सारखे ठेवावे, नाहीतर छोट्या भागाच्या पाळीला वाळू सुटते.

फिल्टरच्या आधी व नंतर दाबमापक बसवून घ्यावेत. दोन्हींत साधारण 0.3 ते 0.5 किलोचा फरक दिसला पाहिजे. फरक जवळजवळ नसेल तर फिल्टर मोठा आहे, खूप जास्त असेल तर लहान. खरेदी करताना भारतीय मानक आयएस 14743 ची खूण आणि उत्पादकाच्या तक्त्यातील किमान व कमाल प्रवाह, दोन्ही पाहावे.

जोडणी व देखभाल

पंपाच्या डिलिव्हरीवर आधी हायड्रोसायक्लोन, गरज असल्यास सँड फिल्टर, मग व्हेंचुरी किंवा खताची टाकी आणि शेवटी स्क्रीन अथवा डिस्क फिल्टर, असा क्रम ठेवावा. शेवटचा फिल्टर वगळू नये. पंप सुरू व बंद होताना भोवरा पूर्ण वेगात नसतो, तेव्हा थोडी वाळू सुटतेच. वीज वारंवार जात असेल तर जास्तच.

जाळी तुंबली की दाबमापक सांगतो. हायड्रोसायक्लोनची टाकी भरली तरी फरक वाढत नाही. त्यामुळे खालचा व्हॉल्व्ह रोज पाळी संपण्यापूर्वी, पंप चालू असताना उघडून टाकी धुवून काढावी. उन्हाळ्यात वाळू जास्त असल्यास दिवसातून दोनदा. निमुळत्या भागाची भिंत वाळूने आतून झिजते आणि खाऱ्या हवेत लोखंडाला बाहेरून गंज चढतो, म्हणून पावसाळ्यानंतर ठिबक सुरू करताना तो भाग तपासावा. लहान प्रवाहासाठी प्लॅस्टिकचा फिल्टर किनाऱ्यालगत अधिक टिकतो.

वाळू अचानक वाढली तर

आधी विहीर पाहा, फिल्टर नंतर. उपसा झेपेनासा झाला किंवा बोअरची जाळीची केसिंग फुटली की वाळू वाढते. हायड्रोसायक्लोन पंपाच्या पुढे असल्याने पंपाचा इंपेलर तो वाचवू शकत नाही. वसईत आणखी एक धोका आहे. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि गोड्या पाण्याची पातळी 1 फूट उतरली तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने सुमारे 40 फूट वर सरकू शकते, असा भूजलशास्त्रातील ढोबळ नियम आहे. विरघळलेले मीठ कोणताही ठिबक फिल्टर काढत नाही. त्यामुळे वाळू वाढल्याचे दिसताच पाण्याची क्षारता (ईसी) तपासून घ्यावी, कमी अश्वशक्तीचा पंप वापरावा आणि एकदम उपसण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ विभागून उपसा करावा. पाण्याची तपासणी व फिल्टरच्या निवडीसाठी तालुका कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्र, कोसबाड येथे विचारावे. जाताना वाडीतील झाडांची संख्या, ड्रिपरचा प्रवाह आणि व्हॉल्व्हची मांडणी कागदावर लिहून न्यावी.