मोडलेला पाय आणि शस्त्रक्रियेनंतरची रात्र

नडगीच्या किंवा मांडीच्या मोडलेल्या हाडात सळई बसली की हाड स्थिर होते, पण वेदनेचा नवा टप्पा तिथूनच सुरू होतो. कातडी आणि स्नायूंना दिलेला छेद, हाडावरचे अतिशय संवेदनशील आवरण, हाडाच्या पोकळीत ठोकलेली सळई, भोवती साचलेले रक्त आणि वाढती सूज ही त्या ठणक्याची कारणे. कंबरेत दिलेल्या भुलीचा अंमल साधारण दोन ते चार तासांत उतरतो. पुढचे दोन-तीन दिवस कठीण जातात आणि पहिली रात्र सर्वांत कठीण. शस्त्रक्रिया चालू असतानाची वेदना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ताब्यात आली. नंतरच्या रात्रीची वेदना मात्र त्यापुढे शंभराहून अधिक वर्षे बहुतांशी रुग्णाच्या सहनशक्तीवर सोडलेली होती. औषधच नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही.

हे कसे घडले, ते एका किनारपट्टीच्या आधाराने पाहता येते. साष्टी बेटाच्या वायव्य टोकाला, भाईंदरहून उत्तनच्या किनाऱ्याकडे जाताना मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, तारोडी, पाली, चौक अशी गावे आहेत. मासेमारी, शेती आणि मिठागरे यांवर जगलेला हा पट्टा. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांप्रमाणे येथेही मोडलेल्या पायाचा जुना उपाय म्हणजे हाडवैद्य. बोटांनी चाचपून मोड कुठे आहे ते ओळखायचे, पाय ओढून हाड जागेवर आणायचे, बांबूच्या कांब्या लावून कापडाने आवळायचे, वरून आंबेहळदीचा लेप द्यायचा, ही त्याची पद्धत. ओढताना भूल नसे; दोघे-तिघे रुग्णाला धरून ठेवत. तरीही या उपचारात वेदनाशमनाचे एक पक्के तत्त्व होते. हाडाची मोडलेली टोके हलायची थांबली की कळ निम्म्याने उतरते. पट्टी फार आवळली गेली तर रक्तपुरवठा थांबून पाय काळा पडे, हा त्याच पद्धतीचा मोठा धोका.

हे तत्त्व फार जुने. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू हे त्यातले आधाराचे साहित्य. मांडी किंवा नडगी मोडलेल्या माणसाला फळीवर झोपवून खुंट्यांच्या साहाय्याने पाय जखडून ठेवण्याची ‘कपाटशयन’ ही युक्तीही तिथेच सांगितली आहे. शस्त्रकर्माआधी वेदना सहन न होणाऱ्याला तीव्र मद्य द्यावे, असे सूत्रस्थान सांगते.

अफूची माहितीही या किनाऱ्याला नवी नव्हती. १५३४ मध्ये गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता वसईच्या मुलखात फिरला होता आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात अफू, भांग आणि धोतरा या तिन्हींची चर्चा आहे. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत मराठ्यांनी चौक गावाजवळचा धारावीचा किल्ला घेतला. त्या काळच्या लढायांत हाड फुटून जखम उघडी पडली, तर युरोपीय शल्यवैद्यांचा ठरलेला उपाय पाय कापणे हाच होता.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे.जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. जमशेटजींची संपत्ती चीनशी झालेल्या व्यापारातली आणि त्या व्यापारात माळव्याच्या अफूचा वाटा मोठा. याच अफूतून मॉर्फीन वेगळे काढण्याचे काम जर्मनीत झेर्टुर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच केले होते. १८५३ च्या सुमारास टोचण्याची पोकळ सुई आली. म्हणजे जे.जे.च्या सुरुवातीच्या दशकांत वेदनेचे सर्वांत प्रभावी औषध, ते देण्याचे साधन आणि त्याचा कच्चा माल या तिन्ही गोष्टी जगात होत्या. कच्चा माल तर मुंबईच्या गोदीतूनच परदेशी जात होता. त्याच बंदरात पाय मोडून पडलेल्या हमालाच्या रात्रीशी या अफूचा संबंध जोडण्याची निकड व्यापाऱ्यांना नव्हती, सरकारलाही नव्हती.

ईथर १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये जाहीरपणे वापरले गेले आणि पुढच्याच मार्चमध्ये ते कोलकात्यात पोहोचले. त्यामागोमाग क्लोरोफॉर्म आले. ते हृदय थांबवते की श्वास, या वादावर हैदराबाद संस्थानात, म्हणजे तेव्हा मराठवाडा ज्यात होता त्या राज्यात, निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. वाद होता तो टेबलावरच्या मृत्यूंचा. भूल उतरल्यावर रुग्ण काय सोसतो, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता.

तोवर मोडलेल्या पायाचे भवितव्य मात्र बदलू लागले होते. ग्लासगोत जोसेफ लिस्टरने १८६५ मध्ये जंतुनाशक कार्बोलिक आम्ल पहिल्यांदा यशस्वीपणे वापरले, ते नडगी फुटलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर. प्लास्टरच्या पट्ट्या १८५० च्या दशकापासून प्रचारात आल्या. पहिल्या महायुद्धात टॉमस स्प्लिंटने मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू झपाट्याने घटवले, कारण हाड स्थिर झाले की रक्तस्राव आणि वेदना या दोन्हींना आळा बसे. जर्मनीत गेरहार्ड क्युंटशरने १९३९-४० मध्ये मांडीच्या हाडात आतून सळई घालण्याची पद्धत आणली. ती रुळेपर्यंत आणि भारतातल्या गर्दीच्या वॉर्डांत त्यानंतरही बराच काळ, रुग्ण ट्रॅक्शनवर पडून असे. पलंगाच्या पायथ्याखाली विटा, दोरीला लोंबते वजन, आणि मुक्काम आठवड्यांचा.

कंबरेतल्या भुलीचा जन्मही नडगीशी जोडलेला आहे. जर्मनीतल्या कील येथे आउगुस्ट बीअरने १८९८ मध्ये मणक्यात कोकेन टोचण्याचा प्रयोग सहायकासह एकमेकांवर केला. सहायकाच्या नडगीवर लोखंडी हातोडीचा घाव घातला, तरी त्याला कळ जाणवली नाही. पुढे लिडोकेन आणि बुपिवाकेन आले आणि पायाच्या शस्त्रक्रियेसाठी ही पद्धत महाराष्ट्रातल्या छोट्या रुग्णालयांतही नित्याची झाली. वॉर्डातला शिरस्ता मात्र जुनाच राहिला. रुग्ण कण्हू लागला की नातेवाईक सिस्टरला बोलावणार, सिस्टर डॉक्टरांना विचारणार, मग एक इंजेक्शन. तोवर वेदना इतकी चढलेली असे की एका इंजेक्शनाने ती पुरेशी उतरत नसे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने हा शिरस्ता आणखी कडक केला. गुन्ह्यांसाठी किमान दहा वर्षांच्या कैदेची तरतूद आणि अनेक परवान्यांची अट यांमुळे औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्या काळातही जगाला पुरवायची अफू तयार होत होती. नशा रोखणे आवश्यकच होते. पण त्याची किंमत कर्करोगाच्या आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांनी मोजावी, हा अन्याय होता. कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन मॉर्फीनसारख्या अत्यावश्यक औषधांचे परवाने सोपे झाले. मधल्या काळात ही जागा पेंटाझोसीन, डायक्लोफेनॅक आणि ट्रॅमाडॉल यांनी भरली होती. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही नियंत्रणाखाली आले.

डॉक्टरांनी हात आखडता घेण्यामागे एक खरे वैद्यकीय कारणही होते. नडगी मोडल्यावर पोटरीच्या घट्ट आवरणात दाब वाढून स्नायू मरू लागतात. याची पहिली खूण म्हणजे जखमेच्या मानाने फारच जास्त वाटणारी, औषधाला दाद न देणारी वेदना. पायाची बोटे दुसऱ्याने हलवली तरी रुग्ण ओरडतो. काही तासांत आवरण उघडले नाही, तर पाय गमवावा लागू शकतो. वेदना पूर्ण दडपली तर हा इशारा कळणार नाही, अशी भीती असे. त्यावरचा उपाय म्हणजे वारंवार तपासणी. रुग्णाला सोसायला लावणे हा उपाय नव्हे.

१९९० च्या दशकापासून दिशा बदलली. एकच जोरकस औषध देण्याऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधे थोड्या मात्रेत एकत्र द्यायची, तीही मागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे. पॅरासिटामॉल हा पाया. मूत्रपिंड आणि जठर ठीक असेल तर सूज उतरवणारे औषध. लागेल तेव्हाच अफूवर्गीय. जोडीला पाय उंच ठेवणे आणि बर्फाचा शेक. सर्वांत मोठी भर पडली ती नसेभोवती बधिरता देण्याच्या पद्धतीची. सोनोग्राफीच्या पडद्यावर मांडीची नस पाहून तिच्याभोवती औषध सोडले, तर पहिली रात्र निभावून जाते. भारतात येथेही कायदा आडवा आला. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते. ज्या महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वांआधी, १९८८ मध्ये केला, तिथल्या भूलतज्ज्ञांनाही नसा शोधण्यासाठी तेच सोपस्कार करावे लागतात.

मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका मिळाली. भाईंदर पश्चिमेला आता पंडित भीमसेन जोशींच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे, खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. तारोडीतला पाय मोडलेला माणूस आज तासाभरात क्ष-किरण यंत्राखाली पोहोचू शकतो. त्याच्या नातेवाइकांनी शस्त्रक्रियेच्या आधीच भूलतज्ज्ञांना विचारावे, की भूल उतरल्यावर रात्री कोणते औषध, किती वाजता आणि कोण देणार आहे. आणि पोटरी दगडासारखी कडक झाली किंवा बोटे हलवताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवावे.