डेम्लो स्थानकावरची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या कोणत्याही बाजूने वाचा, तीच राहते. 'लीलावती'तील गणनेप्रमाणे तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी येतो, म्हणजे परार्धाच्या एकच पायरी खाली. एवढ्या मोठ्या संख्येचे घराणे मात्र आम्हा नवी मुंबईकरांच्या शेजारचे, पारसिकच्या डोंगरापलीकडचे आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. गणितातले पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवरील डेम्लो स्थानकात त्यांना एका प्रकारच्या संख्यांचा विचार सुचला. डेम्लो म्हणजे आजचे डोंबिवली, असे मानतात. स्थानकाचेच नाव त्यांनी संख्यांना दिले. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये या संख्यांवर त्यांचे टिपण आले.

डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा येतो, आणि मधला भाग त्याच अंकाचा बनलेला असतो. उदाहरणार्थ, २५५३ मध्ये २ + ३ = ५. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९ आहेच.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. वर्गात हा गुणाकार फळ्यावर उभा मांडून दाखवावा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. मग प्रत्येक स्तंभात किती एक आहेत एवढेच मोजायचे: एक, दोन, तीन... मधल्या स्तंभात नऊ, आणि पुन्हा उतरती भाजणी. हातचा कुठेच येत नाही. चमत्काराचे सारे रहस्य एवढेच.

हे कापरेकरांच्याही आधी ठाऊक होते. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या 'एकापासून सहापर्यंत चढणारी व मग क्रमाने उतरणारी' अशा आशयाने सांगितली आहे. कापरेकरांनी तिच्यासारख्या संख्यांना एका व्याख्येत बसवले, हे त्यांचे काम.

आपल्याकडच्या गणितज्ञांनी सुरुवातीला या कामाची फारशी दखल घेतली नाही. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये १९७५ साली लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर झाले. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता, असे आम्हाला वाटते. हे गुण बरेचसे दशमान लेखनाचे आहेत. आठ पायाच्या पद्धतीत ही चढण सातावरच थांबते. पण हातचा म्हणजे काय, हे याहून चांगले शिकवणारे उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

कारण दहावा एक जोडताच मांडणी मोडते. ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या स्तंभातल्या दहांचा हातचा पुढे गेला, आठ नाहीसा झाला. आता या वर्गाचे शेवटचे दहा अंक वेगळे काढून उरलेल्या भागात मिळवा: १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. मूळ संख्याच परत आली! ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५, तशातलाच हा प्रकार. अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात.