पायांच्या फुगलेल्या शिरा : सवयी बदला, त्रास टाळा

पायांतील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांमध्ये एकमार्गी झडपा असतात. त्या कमकुवत झाल्या, की रक्त साचून शिरा फुगतात आणि वेड्यावाकड्या दिसू लागतात. हाच 'व्हेरिकोज व्हेन्स'चा विकार. तासन्‌तास उभे राहणारे शिक्षक, वाहतूक पोलिस, तसेच गर्भवती व स्थूल व्यक्तींना तो अधिक संभवतो. आनुवंशिकता हेही एक कारण आहे.

काय करावे?

* रोज चालावे. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना रक्त वर ढकलतात.
* उभ्याने काम असल्यास अधूनमधून टाचा उचलून टेकवाव्यात.
* दिवसातून तीन-चार वेळा १५ मिनिटे आडवे होऊन पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावेत.
* वजन आटोक्यात ठेवावे.
* दाब देणारे मोजे वैद्यकीय सल्ल्यानेच, सकाळी पायांवर सूज येण्यापूर्वी घालावेत.

या सवयींनी जडपणा व सूज कमी होते. मात्र फुगलेली शीर पूर्ववत होत नाही. घोट्याजवळची त्वचा काळवंडल्यास किंवा जखम भरत नसल्यास डॉक्टरांना दाखवावे. एकाच पायाला अचानक सूज व वेदना आल्यास रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा तातडीने रुग्णालय गाठावे. शीर फुटून रक्त वाहू लागल्यास आडवे व्हावे, पाय उंच धरून ती जागा घट्ट दाबावी.